बेडूकआजीचा आवाज

हायस्कूलच्या शिक्षकांनी आठवड्यातून एक तास धाकट्या शाळेत जाऊन मुलांना गोष्ट वाचून दाखवायची, अशी टूम मोठ्या बाईंनी काढली आणि स्टाफरूममधले निम्मे घसे जागच्या जागी बसले. चित्रकलेच्या सरांना तर खुर्चीतच खोकल्याची उबळ आली. हात वर गेला तो एकट्या सनावळी सरांचा, आणि तो काही मुलांच्या प्रेमापोटी गेलेला नव्हता.

हात वर करायच्या आधी सरांनी मनातल्या मनात बेरीज केली होती. वाचनाचा तास मधल्या सुट्टीनंतर होता. म्हणजे त्या वेळची नववी ब आपोआप दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडणार होती. नववी ब चुकवायची म्हटल्यावर सर भर दुपारी विहिरीतसुद्धा उतरले असते. शिवाय धाकट्या शाळेत दुसरीच्या वर्गावर त्यांची थोरली मेव्हणी होती, त्यामुळे घरी बायकोपुढे जरा मिरवायला निमित्त. पण ही सगळी चिल्लर. खरी रक्कम पुढेच होती. उपमुख्याध्यापक वर्षअखेरीस निवृत्त होणार होते आणि त्या खुर्चीवर दोघांचा डोळा होता, एक सनावळी सर आणि दुसऱ्या गणिताच्या बाई. नोकरीची वर्षं सरांची जास्त. पण गणिताच्या बाई व्हरांड्यातून चालल्या की पोरं त्यांच्या मागेपुढे लुडबुडत, आणि सर चालले की पोरं भिंतीला चिकटत. मोठ्या बाई दोन्ही शाळांच्या मुख्य, त्या एकदा बोलूनच गेल्या होत्या, "सर, तुमचा विषय चोख आहे हो. पण मुलांशी तुमचं सूत काही जुळत नाही."

सूत जुळवायचंच तर मुलं लहान असलेली बरी, असा सरांचा होरा.

सनावळी हे नाव अर्थातच पोरांनी ठेवलेलं. इतिहास शिकवताना सर एखाद्या वेळी राजाचं नाव विसरत, पण सन विसरत नसत. ते नाव वर्गातून स्टाफरूममध्ये आलं, स्टाफरूममधून घरी आलं, आणि आता बायको चिडली की तीही म्हणायची, "ऐकलंत का, सनावळी?"

पहिल्या दिवशी सर पहिलीच्या वर्गात गेले. मुलं सतरंजीवर मांडी घालून बसली होती. सरांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि सवयीनं म्हणाले, "पुस्तक उघडा."

"सर, पुस्तक तुमच्याकडे आहे," पुढची एक चिमुरडी म्हणाली.

सरांनी उघडलं. गोष्ट साधी होती. तळं आटायला लागतं, म्हणून तळ्यातले सगळे प्राणी सभा भरवतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. सरांनी पुस्तक स्वतःकडे धरलं, त्यामुळे मुलांना चित्रांऐवजी मागचा कोरा पुठ्ठा दिसत राहिला. "तळं आटत चाललं होतं," सर वाचू लागले. "आटणे म्हणजे पाणी कमी होणे. लिहून घ्या."

"आम्हाला अजून लिहिता येत नाही."

"मग लक्षात ठेवा."

पाचव्या पानावर एक मुलगा शेजारच्याच्या मांडीवर डोकं टेकून झोपला. सातव्या पानावर त्या चिमुरडीनं बोट वर केलं. "सर, तुम्ही आम्हाला रागावताय का?"

"नाही. गोष्ट वाचतोय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि सरांना वाटलं, आपल्याला माफ करण्यात आलंय.

त्या रविवारी ताई घरी आल्या होत्या. ताई म्हणजे हीच थोरली मेव्हणी. त्या दर रविवारी दुपारी यायच्या, दोघी बहिणी गॅलरीत चहाचे कप घेऊन बसायच्या आणि ताई बोलायच्या ते ऐकायला सरांची बायको खुर्ची पुढे सरकवायची. तसं सरकवावं लागायचंच. काही वर्षांपूर्वी ताईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्यांचा आवाज पूर्वीचा राहिला नाही. वाक्याची सुरुवात कुरकुरत व्हायची, मधले शब्द नुसत्या वाऱ्यावर जायचे आणि शेवटचा शब्द अचानक भस्सकन बाहेर पडायचा. तेव्हाच मोठ्या बाईंनी त्यांना वर्ग सोडून सामानाच्या खोलीकडे बघायला सुचवलं होतं. नकाशे, खडूंची खोकी, खेळाच्या जाळ्या. ताई अडून बसल्या. शेवटी तडजोड ठरली, जोवर वर्ग ऐकतोय तोवर वर्ग तुमचा.

आणि वर्ग ऐकत होता. दुसरी अ हा धाकट्या शाळेतला सगळ्यात शांत वर्ग. बाईंचं ऐकू यायचं तर आपण गप्प बसायला हवं, इतकं सरळ गणित पोरांनी पहिल्या आठवड्यातच सोडवलं होतं. ताई बोलायला लागल्या की अख्खा वर्ग पुढे वाकायचा. शेजारच्या वर्गाच्या बाई घसा फोडून ओरडायच्या आणि मग दारातून डोकावून ताईंना विचारायच्या, "तुम्ही यांना काय खायला घालता हो?"

सरांची फजिती ऐकून ताई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"भाऊजी, 'लिहून घ्या' म्हणालात? पहिलीला?"

"सवय," सर म्हणाले.

"सभेची गोष्ट वाचताय आणि सगळे प्राणी एकाच आवाजात बोलतायत? मग ती सभा कसली? प्रत्येकाला आपला आवाज द्या. पुस्तक पोरांकडे वळवा. पान उलटायच्या आधी थांबा जरा, तरसू द्या त्यांना."

"मी काय नाटकातला नट आहे? इतके आवाज आणू कुठून?"

"आजूबाजूचे घ्या की," ताई म्हणाल्या. "माणसं दिवसभर बोलत असतात, ती काय फुकट जातात?"

हा सल्ला ताईंनीच दिला होता, हे सरांनी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा बजावलं.

पुढच्या आठवड्यात तिसरीच्या वर्गात सरांनी रेड्याला उपमुख्याध्यापकांचा घोगरा आवाज दिला. खेकड्याला शाळेच्या शिपायाची घाई दिली. बगळ्याला मोठ्या बाईंचं "बरं का" दिलं, आणि पोरं चपापून एकमेकांकडे बघत फिसफिसली. बेडूकआजी यायची राहिली होती. सगळ्यांना न मागता सल्ला देणारी म्हातारी, आणि तिचं एकच पालुपद, "आधी माझं ऐका, मग हवं ते करा." सकाळपासून दहावीला सन सांगून सांगून सरांचा घसा सुकला होता. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज आपोआपच फाटका निघाला. "आधी" कुरकुरलं, "माझं" वाऱ्यावर गेलं, आणि "ऐका" भस्सकन बाहेर पडलं.

पोरं हसून सतरंजीवर आडवी झाली.

दुसऱ्या वाक्याला सरांच्या लक्षात आलं, हा आवाज कुणाचा ते. तिथे थांबता आलं असतं. पाण्याचा घोट घ्यायचा, घसा खाकरायचा आणि आजीला दुसरा कुठलाही आवाज द्यायचा. पोरांना काय, त्यांनी तोही चालवून घेतला असता. पण खिडकीबाहेर मोठ्या बाई येऊन उभ्या होत्या. त्यांच्या कपाळावर सरांसाठी कायम असायची ती आठी त्या क्षणी नव्हती. आणि आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खा वर्ग सनावळी सरांच्या तोंडाकडे बघत पुढचं वाक्य कधी येतंय म्हणून वाट पाहत होता.

सरांनी तिसरं वाक्य पहिल्या दोनपेक्षा जास्त कुरकुरवलं.

महिन्याभरात धाकट्या शाळेत बेडूकआजीची साथ पसरली. सर मैदान ओलांडून येताना दिसले की पोरं फाटकाशी ओरडायची, "आधी माझं ऐका!" एका पालकानं मोठ्या बाईंना येऊन सांगितलं की आमची मुलगी झोपताना पुस्तक मागते. मोठ्या बाईंनी तो किस्सा स्टाफरूममध्ये दोनदा सांगितला, दोन्ही वेळा गणिताच्या बाई हजर असताना. चित्रकलेच्या सरांचा खोकला बरा झाला आणि त्यांनी विचारलं, पुढच्या फेरीत आम्हालाही एखादा वर्ग मिळेल का.

सर मात्र एक काळजी घेत होते. पहिली झाली, तिसरी झाली, चौथीच्या दोन्ही तुकड्या झाल्या, दुसरी ब झाली. दुसरी अ राहत होती. कधी तपासणी आडवी यायची, कधी सरांचं डोकं दुखायचं.

"ताईच्या वर्गाला टाळताय का?" बायकोनं एक दिवस विचारलं.

"छे! टाळायला काय झालं?"

"ती विचारत होती. म्हणाली, भाऊजी सगळीकडे जातात, माझ्या पोरांनी काय घोडं मारलंय?"

शेवटी सर गेले. ताई मागच्या कोपऱ्यात वह्या तपासत बसल्या. सरांनी घरी बसून बेडूकआजीसाठी एक नवा, चिरका आवाज तयार केला होता. तो त्यांनी काढला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग दोन वेण्या घातलेली एक मुलगी उठून उभी राहिली. तिचा भाऊ तिसरीत होता, म्हणजे सगळ्या बातम्या तिच्याकडे ताज्या.

"सर, ही खरी बेडूकआजी नाही."

"हीच खरी आहे."

"नाही. माझ्या दादानं करून दाखवलीय. खरी काढा ना."

"खरी! खरी!" वर्ग म्हणाला.

आणि मागून ताईसुद्धा म्हणाल्या, "काढा की भाऊजी. सगळ्या शाळेनं ऐकली, मीच तेवढी राहिलेय."

सरांनी चष्मा पुसला. त्यांनी पुस्तक तोंडासमोर धरलं आणि खरी काढली. पोरं खिदळली, बाकांवर थापा पडल्या. पुस्तकाच्या कडेवरून सरांनी ताईंकडे पाहिलं. ताईही हसत होत्या, मग मान खाली घालून त्यांनी पुढची वही ओढली. त्या हसण्यात आणि त्या मान घालण्यात नेमकं काय होतं, हे सरांना काही केल्या वाचता येईना.

तास संपल्यावर ताई म्हणाल्या, "छान जमलंय. म्हातारी झकास आहे." बस्स, एवढंच.

आता एखाद्या शहाण्या माणसानं हे वाक्य खिशात घातलं असतं आणि तो वाटेला लागला असता. सरांच्या मात्र ते घशात अडकलं. ताईंनी ओळखलं, की नाही ओळखलं? ओळखून हसल्या, की न ओळखता? जेवताना घास फिरायला लागला. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी बायकोला बसवलं आणि म्हणाले, "एक ऐकशील?" आणि बेडूकआजी काढून दाखवली.

बायको भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"हा ताईचा आवाज आहे," ती म्हणाली.

"लगेच ओळखू येतो?"

"मला येणारच. मी बहीण आहे तिची." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "हे तुम्ही शाळाभर करत फिरलात? लाज नाही वाटली?"

"वाटते म्हणून तर विचारतोय. तिनं ओळखलं असेल का?"

"स्वतःचा आवाज माणसाला कधी ओळखू येतो का? आपल्याला तो आतून ऐकू येतो." तिनं पुन्हा भाजी ओढली, पण निवडली नाही. "तुम्हाला सांगायचंच असेल तर तिला सांगा. तिला एकटीला, समोर बसून. ती चार शब्द बोलेल, ते ऐकून घ्या. नाहीतर कायमचे गप्प बसा. पण तिसऱ्या कुणाला अवाक्षर बोलू नका. कळलं का, सनावळी?"

कळलं होतं. ताईंसमोर बसून सांगायचं, इतकंच होतं. पुढच्या रविवारी ताई आल्या, सर समोर बसले, आणि हवेबद्दल बोलले. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना अचानक चौकात काम निघालं. ताईंशी बोलताना त्यांची नजर ताईंच्या गळ्यावरच्या बारीक पांढऱ्या व्रणाकडे जायची आणि तिथेच खिळायची. ताईंनी एकदा विचारलंही, "काही लागलंय का माझ्या मानेला?"

मग ती दुपार आली. ताई घसा दाखवायला डॉक्टरांकडे गेल्या होत्या. त्यांचा वर्ग शेजारच्या बाईंच्या भरवशावर होता आणि त्या बाई स्वतःच्या वर्गावर ओरडण्यात गुंतल्या होत्या. सर मैदान ओलांडून चौथीकडे निघाले होते. दुसरी अ च्या खिडकीतून गलका ऐकू आला. पोरं सभा सभा खेळत होती. एक रेडा झाला होता, दोघं खेकडे, आणि एक मुलगा टेबलाशी उभा राहून कुरकुरत होता, "आधी माझं ऐका..."

सर खिडकीशीच थांबले. त्यांना वाटलं, झालं. पोरांना कळलंय. बाई नाहीत असं बघून पोरं बाईंची नक्कल करतायत. आणि त्याच वेळी, सरांचं मन फार बारकाईनं चाळलं तर, त्यांना थोडं हायसंही वाटलं. ताईंसमोर जे तोंडातून फुटत नव्हतं ते इथे, बाकांवरच्या सात-आठ वर्षांच्या पोरांसमोर, मोठ्या माणसाच्या अधिकारानं बोलता येणार होतं. इथे कुणी उलट चार शब्द ऐकवणार नव्हतं.

ते आत गेले. रेडा, खेकडे, सगळे जागेवर बसले.

"हे बघा," सर म्हणाले. त्यांचा आवाज चक्क भरून आला होता. "तुम्ही जे करताय ते वाईट आहे. आपल्या बाईंचा घसा आजारी होता, म्हणून त्यांचा आवाज तसा झालाय. त्यात त्यांची काही चूक नाही. त्या आवाजाची अशी चेष्टा करायची नसते. चूक माझी आहे. मी तो आवाज काढायला नको होता. मी काढला, आता तुम्ही काढू नका. कळलं?"

पोरं टक लावून त्यांच्याकडे बघत होती. सरांना वाटलं, पोरं खजील झाली. किती दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं.

दोन वेण्यांची मुलगी हळूच उभी राहिली.

"सर, म्हणजे बेडूकआजी आमच्या बाई आहेत?"

सरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर पाप नव्हतं, खजीलपणा नव्हता. एखादं कोडं सुटावं तसा निव्वळ आनंद होता. तो तिच्याकडून शेजारच्याकडे गेला, त्याच्याकडून मागच्या रांगेत गेला. पोरं ओठ हलवून बघायला लागली. कुणीतरी पुटपुटलं, "ऐका..." दुसरा म्हणाला, "हो रे! तस्साच!" आणि अख्खा वर्ग हसला.

त्यांना काहीच माहीत नव्हतं. सबंध शाळेत ही गोष्ट ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि त्यानं आत्ताच ती वर्गात वाटून टाकली होती.

"नाही, नाही," सर म्हणाले. "तसं नाही. ऐका—"

तो शब्द ऐकून पोरं पुन्हा हसली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी हजेरी घेतली, खडू उचलला आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "ऐका." एक पोर फिसकन हसलं, मग चार, मग सगळीच. द्वेषानं नव्हे, त्यांना त्यांची बेडूकआजी सापडली होती आणि ती दिवसभर त्यांच्या वर्गातच होती, याहून मजेची गोष्ट कुठली? ताईंना वाटलं, आपल्या साडीला काही लागलंय. त्यांनी पदर पाहिला. पुन्हा म्हणाल्या, "ऐका." पुन्हा हशा. शिक्षकाला दिवसातून किती वेळा 'ऐका' म्हणावं लागतं, ते शिक्षकालाच विचारा. आठवडा संपेपर्यंत दुसरी अ चा गलका शेजारच्या वर्गाच्या वर चढला होता. पोरं हसली की ताईंचं ऐकू जायचं नाही, ऐकू गेलं नाही की ताई आवाज ताणायच्या, ताणला की तो अजून फाटायचा, आणि फाटला की पोरं अजून हसायची.

या हसण्याचं कारण ताईंना दोन वेण्यांच्या मुलीनं सांगितलं. न विचारता, अगदी प्रेमानं. "बाई, सर म्हणाले बेडूकआजी म्हणजे तुम्ही. पण चेष्टा करायची नाही म्हणाले."

शाळा सुटल्यावर ताईंनी शिपायाकरवी सरांना निरोप धाडला. सर गेले तेव्हा त्या फळा पुसत होत्या. पोरं गेलेल्या वर्गात त्यांचा आवाज नीट ऐकू येत होता, हेच आधी सरांच्या लक्षात आलं आणि नकोसं झालं.

"बसा, भाऊजी."

सर लहानग्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागले.

"ताई, मी तुम्हाला सांगणारच होतो."

"कधी?"

सरांना ताबडतोब तारीख सांगता आली नाही.

"आवाज घेतलात त्याचं मला काही नाही," ताई म्हणाल्या. "त्या दिवशी वर्गात मला जरा शंका आली होती. वाटलं, असं ऐकू येतं होय आपलं? हसू आलं मला. मीच म्हणाले होते ना, आजूबाजूचे घ्या. पण पोरांना का सांगितलंत?"

"मला वाटलं, त्यांना ठाऊक आहे. ती नक्कल करत होती."

"ती बेडकाची नक्कल करत होती." ताईंनी डस्टर खाली ठेवलं. "भाऊजी, माझा आवाज बिघडलाय हे त्या पोरांना माहीतच नव्हतं. ती पहिल्या दिवसापासून हाच ऐकतायत. त्यांना वाटायचं, दुसरीच्या बाई अशाच बोलतात."

सरांनी बाकावरचा खडूचा तुकडा उचलला आणि परत ठेवला.

"मला सांगायचं होतंत. मी दोन शिव्या दिल्या असत्या, चहा दिला असता. तुम्हाला माझ्या शिव्या नको होत्या, म्हणून तुम्ही पोरांना सांगितलंत. त्यांच्याकडून माफी स्वस्तात मिळते."

"मी मोठ्या बाईंना जाऊन सगळं सांगतो," सर उठून म्हणाले. उठताना बाक त्यांच्यासोबत उचलला गेला आणि आदळला. "आत्ताच जातो. सांगतो की वर्ग बिघडला तो माझ्यामुळे."

"सांगा. तुम्हाला मोकळं वाटेल." ताईंनी पर्स खांद्याला अडकवली. "पोरं गप्प बसतील का त्यानं?"

तरी सर गेले. मोठ्या बाई त्यांना बघून खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "या, या! मी तुम्हालाच बोलावणार होते. ठरलं हं सर. खुर्ची तुमची. खरं सांगायचं तर माझं मत गणिताच्या बाईंकडे होतं, पण धाकट्या शाळेत तुम्ही जे केलंत ना... ती बेडूकआजी! कुठून काढलीत हो?"

हाच तो क्षण होता. सरांनी तो दवडला नाही, एवढं त्यांच्या बाजूनं लिहायला हवं.

"तो आवाज आमच्या ताईंचा आहे," ते म्हणाले. "दुसरी अ च्या. मी त्यांची नक्कल केली. आणि त्यामुळेच आता त्यांचा वर्ग—"

मोठ्या बाई टेबलावर हात मारून हसल्या. "काय सांगता! म्हणजे घरातच गुरू! तरीच म्हटलं, इतकं जिवंत कसं!" मग त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. "ताईंच्या वर्गाचं आलंय माझ्या कानावर. किती दिवस ओढणार त्या तरी? घसाच साथ देत नाही, पोरं तरी काय करतील? तुम्ही जवळचे आहात म्हणून बोलते, तुम्हीच समजावा त्यांना. तुमचं ऐकतील."

सरांनी पुन्हा तोंड उघडलं. पण समोर हात पुढे आला होता अभिनंदनाचा, आणि पुढे आलेला हात तसाच टांगून ठेवणं सरांना शिष्टाचारात बसणारं वाटलं नाही. त्यांनी तो घेतला.

ताईंना समजवावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच कळवलं की नव्या सत्रापासून सामानाची खोली चालेल. दुसरी अ ला एक तरुण बाई आल्या, खणखणीत आवाजाच्या. वर्ग आता बाकीच्या वर्गांसारखाच झालाय. त्या ओरडतात, पोरं ओरडतात, आणि शेजारच्या बाईंना त्याचं कौतुक वाटत नाही. वेळापत्रक लावणं हे उपमुख्याध्यापकाचं काम असल्यामुळे त्या तरुण बाईंचं नाव दुसरी अ च्या चौकटीत सरांनीच घातलं.

खोलीत ताईंना बोलावं लागत नाही. कुणी नकाशा मागायला आलं की त्या बोटानं कपाट दाखवतात. रविवारी त्या अजून येतात, पण दुपारच्याऐवजी सर बाहेर गेलेले असतील अशा बेतानं, आणि कधी गाठ पडलीच तर सरांच्या प्रश्नांना मान हलवून उत्तर देतात. हो किंवा नाही. गॅलरीत बायकोची खुर्ची पुढे सरकत नाही, कारण ताई तिच्याशीही मोजकंच बोलायला लागल्या आहेत. सर घरात असोत-नसोत, आपला आवाज कुणीतरी ऐकून ठेवतंय असं त्यांना वाटत असावं. बायकोनं एकदाच विचारलं होतं, "तिला एकटीला सांगा म्हटलं होतं ना मी?" आणि नंतर तिनं 'सनावळी' म्हणायचंही सोडलं. आता ती नुसतं "अहो" म्हणते.

म्हणजे ताईंचा वर्ग गेला, वर्गाच्या ताई गेल्या, बायकोची बहीण अर्धी गेली आणि गणिताच्या बाईंची खुर्ची गेली, ज्यांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. सरांनी प्रायश्चित्त म्हणून धाकट्या शाळेत वाचायला जाणं बंद केलं. तसंही उपमुख्याध्यापकाला तेवढा वेळ नसतोच.